शिळं रक्त

साल १९८३. मुलगी सव्वातीन वर्षांची. अंगभर माशाच्या खवल्यांसारखी सुटलेली कातडी, पुढे आलेलं पोट. मोठ्या डॉक्टरांनी तिला तपासून आधी हात धुतले, मग आईला विचारलं, "हिला अंघोळ घालता की नाही?"

"रोज दोनदा घालते."

"दिसतंय. आणि दोन महिन्यांपूर्वी साय-लोणी सांगितलं होतं, ते?"

"देते. पण पोट वाढतंय हो."

"मग लोणी दुप्पट करा. कातडी कोरडी आहे."

"मी सांगून थकले, डॉक्टर," सासूबाई म्हणाल्या. "आळस, दुसरं काही नाही."

रक्त तपासायच्या खोलीत भिंगबाई होत्या. पंचवीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून हे नाव पडलेलं. मुलीच्या रक्ताची काच पाहून त्यांनी अहवालाखाली एक ओळ जास्तीची लिहिली: पांढऱ्या पेशींत पोकळ ठिपके. चरबी साठत असावी, यकृत पाहावं.

दहा मिनिटांत मोठे डॉक्टर तो कागद घेऊन आले. मागे सासू-सून, सुनेच्या कडेवर मूल. ओळीवर लाल काट मारलेली.

"शिळं रक्त आहे हे. बाटलीत पडून राहिलं की पेशींना भोकं पडतात."

"नऊला काढलं, साहेब. सव्वानऊला काच तयार होती."

"मग काचेवर घातलेला रंग जुना असेल. बाई, तुम्ही मोजायचं. अर्थ लावायला आम्ही आहोत."

भिंगबाई उठल्या. मुलीचं बोट टोचून थेंब काचेवर ओढला. मग नवी सुई घेऊन स्वतःचं बोट टोचलं.

"तुला पण बाऊ झाला?" मुलीने विचारलं.

"हो गं. आपण दोघी शूर."

दोन्ही काचा एकाच रंगातून काढून त्यांनी पुढे सरकवल्या. "ही तिची, ही माझी. रंग खोटा असता तर माझ्याही पेशींची चाळण झाली असती. बघा."

डॉक्टर भिंगात बराच वेळ बघत राहिले.

भिंगबाई आईकडे वळल्या. "ताई, हिच्या शरीराला चरबी वापरता येत नाही. ती पेशींत साठते, यकृतात साठते. हे जन्मापासूनचं आहे. तुमचं काही चुकलेलं नाही."

"म्हणजे तिच्या माहेरचं," सासूबाई म्हणाल्या.

"बोट पुढे करा आजी, बघू या कुणाचं ते."

सासूबाईंनी हात पाठीमागे घेतला.

डॉक्टरांनी चिठ्ठीतल्या लोण्यावर काट मारली, खाली सही केली आणि आईकडे न बघता निघून गेले.

परवानगीशिवाय बोट टोचल्याबद्दल भिंगबाईंना लेखी ताकीद मिळाली. अकरा वर्षांनी त्या त्याच खुर्चीतून निवृत्त झाल्या. मोठ्या डॉक्टरांनी त्या दोन काचा परिषदेत पडद्यावर दाखवल्या, टाळ्या घेतल्या. निरोगी रक्त कुणाचं, हे सांगायचं राहून गेलं. सासूबाई शेवटपर्यंत सुनेच्या माहेराला बोल लावत गेल्या. मुलीचं यकृत सावरलं. कातडी तशीच राहिली. ती आता शाळेत शिकवते. आई होती तोवर तिचे सगळे कपडे घरीच शिवायची. पूर्ण बाह्यांचा तिने एकही शिवला नाही.