विधवेचा वाटा

"शिकारीचं मांस घरात घेण्याआधी हाडापाशी सुरी खुपसून हुंगायचं," असं सासूबाई म्हणाल्या होत्या, तेव्हा नेव्हेना हसली होती. आज तिने आपल्या लहानग्या बोरिलला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि सुरी उचलली.

शिकारीचा जथा डोंगरातल्या तळावरून नुकताच उतरला होता. शिकारघराच्या अंगणात मेणकापडावर रानडुकराचे वाटे मांडले होते. नेव्हेनाचा नवरा प्लामेन वाट्यांकडे पाठ करून उभा होता. म्होरक्या आतानास एकेका वाट्यावर काठी टेकवून विचारत होता, "हा कुणाचा?" आणि प्लामेन न बघता एकेकाचं नाव घेत होता. अशा वाटणीत कुणावर अन्याय होत नाही, असं गावात मानतात.

"काका, मागचा पाय एकच दिसतोय," नेव्हेना म्हणाली.

"दुसरा मघाशीच जीपने वरच्या वस्तीत पोचवला. स्टोइनाआजीला." आतानासने टोपी काढली. "शिकाऱ्याच्या विधवेचा वाटा पहिला. तो काठीखाली येत नाही."

बाकीच्यांनीही टोप्या काढल्या.

"अख्खा पाय? गेल्या वर्षी तर मानेची हाडं पाठवली होतीत."

"यंदा आमचा हात सैल आहे, वहिनी," जथ्यातला गेंचो म्हणाला. एरवी त्याच्या बोलण्यावर हसणारे आज आपापल्या बुटांकडे बघत राहिले.

ओंडक्यावर कमरेचं हाड पडलं होतं. आजीला पाठवलेला पाय तिथूनच सोडवला होता. नेव्हेनाने सुरीचं टोक सांध्यात खुपसलं, बाहेर काढलं, नाकाशी धरलं. बोरिलने तोंड तिच्या खांद्यात खुपसलं. मांस वरून लालभडक होतं, हाडालगत हिरवट.

"कातडी कधी काढलीत?"

प्लामेन मागे न वळताच म्हणाला, "आज पहाटे."

"आणि मारलं परवा. ह्या असल्या वाऱ्यात?" दक्षिणेचं उबदार वारं सुटलं होतं. नोव्हेंबर असूनही माणसं नुसत्या सदऱ्यावर होती.

"आतडी लगेच काढली होती," आतानास म्हणाला. "पण सोफियाहून साहेब यायचे होते. त्यांना फोटो हवा होता. कातडी उतरवली की ते रानडुक्कर दिसतं का? नुसतं मांस दिसतं."

"आले का साहेब?"

"आले. फोटो काढला, जेवले, गेले."

"शेजारी बर्फासारखा ओढा वाहत होता, काका. सोलायचं, पाय सुटे करायचे, कापडात गुंडाळून पाण्यावरच्या सावलीत टांगायचे. हे मी तुम्हाला सांगायचं? आणि तुम्ही साहेबासाठी डुक्कर कातडीच्या कोटासकट टांगून ठेवलंत!"

"इतकं काही झालेलं नाही गं. गोळी त्या बाजूला बसली होती, म्हणून तेवढा एक पाय जरासा..." गेंचो अडखळला. "व्हिनेगरने धुतलाय, लसूण चोळलाय. म्हातारी सगळं मेणासारखं मऊ होईस्तोवर शिजवते. आणि तिला हल्ली वास तरी कुठे येतो!"

"म्हणून तिला!"

नेव्हेनाचा आवाज चिरकला. बोरिल रडू लागला, पण ती थांबली नाही. "टोप्या काढता वर! शिजवून चालतं ना? मग आणा तो पाय परत, ठेवा ह्या मेणकापडावर. टेका काठी, काका. आणि प्लामेन, तू पाठ फिरवूनच उभा आहेस, घे माझ्या बोरिलचं नाव!"

प्लामेन वळला. बायकोकडे मात्र त्याला बघवेना.

"उद्या जाऊन आणू," आतानासने टोपी डोक्यावर चढवली. जीपची किल्ली त्याच्याच खिशात होती. कुणीतरी राकिया दारूची बाटली उघडली.

"उद्या? ती आज जेवणार आहे!"

वरच्या वस्तीत स्टोइनाआजीशिवाय आता कुणी राहत नाही. तिथे फोनही लागत नाही.

नेव्हेना फाट्यावर उभी आहे. मूल कडेवर झोपलंय, आणि ती येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करते आहे. आतापर्यंतच्या सगळ्या खालच्या रस्त्याने निघून गेल्या. तुम्ही वर निघाला असाल तर काच खाली करा. ती एवढंच सांगेल: शेवटचं घर, निळं दार. वाजवत बसू नका, आजीला ऐकू येत नाही, सरळ आत जा. माणूस दिसल्याच्या आनंदात ती तुमच्यासाठी ताट मांडायला उठेल. तिला उठू देऊ नका. आधी तिच्या कानाशी जाऊन मोठ्याने विचारा, "आजी, तुम्ही जेवलात का?"