रान पेटवायच्या दिवशी

गेणूनं काडेपेटी बाहेर काढली, तशी मुक्ताबाई गवतात शिरली आणि मधोमध जाऊन खाली बसली.

"काय करती गं?"

"बसलेय."

"ते दिसतंय. ऊठ. वारं पडलंय तवर लावून घिऊ."

"लावा की. मी कुटं न्हाई म्हनतेय?"

होळी होऊन आठ दिवस झाले होते. कार्ल्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर त्या दोघांचं गवताचं रान होतं. गवत वाळून कंबरेएवढं उभं होतं. जुनं जाळलं की पावसाळ्यात नवं कोवळं येतं आणि म्हशी दुधाला चढतात, असं गेणूचा बाप सांगायचा. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली. दर साली गेणूनं रान पेटवलं होतं आणि दर साली मुक्ताबाई निर्गुडीची ओली डहाळी घेऊन त्याच्या मागं उभी राहिली होती. आग भलतीकडं वळली तर झोडपायला. आज ती रिकाम्या हातानं वर आली होती. हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

तो रानाच्या दुसऱ्या टोकाला गेला. मागून गवत सळसळलं. गुडघ्यांवर हात टेकत, थांबत थांबत मुक्ताबाई आली आणि त्याच्यासमोर पुन्हा बसली.

"गुडघं लय दुकत्यात," ती म्हणाली. "आता आनखी फिरवू नका मला."

"तुला झालंय तरी काय?"

तिनं पदरानं कपाळ पुसलं. मग म्हणाली, "दिवाळीत कापलेलं भात चार दिवस पावसात पडलं. पेंढीतच कोंब फुटलं त्याला. मी देवापुढं बसले. म्हनले, पाऊस येळंवर येऊ दे, येळंवर जाऊ दे. रोज दिवा लावते, रोज त्येच मागते. अन एक दिस मनात आलं, ह्याच हातानं दिवा लावायचा अन ह्याच हातानं डोंगर पेटवायचा. देव मला काय म्हनत असंल? त्या दिव्याची लाज वाटाया लागली मला."

"हात माजा असतो. तुजा न्हाई."

"मी मागं उबी असते न्हवं?"

गेणूनं डोंगराच्या पायथ्याकडं बोट दाखवलं. खाली हमरस्त्यावर लोणावळ्याला निघालेल्या गाड्यांची रांग लागली होती. शनिवार होता. रांग हलत नव्हती, आणि तिच्यावर उन्हात धुराचा पातळ पडदा थरथरत होता.

"त्यो धूर बग. तिकडं कारखान्यांचा बग. आनि माज्या एका काडीनं पाऊस फिरला व्हय?"

"न्हाई फिरला," मुक्ताबाई म्हणाली. "पर त्यांचा धूर त्यांना इचारतील. माजा मला इचारतील."

गेणूला राग आला. बापानं केलं, आज्यानं केलं, आजूबाजूचे सगळे करतात. ही एकटी शहाणी. त्यानं काडी ओढली.

काडी पेटली. वारा नव्हता, ज्योत सरळ उभी राहिली. मुक्ताबाई हलली नाही. तिनं डोळेही मिटले नाहीत. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. रागानं नाही, विनवणीनंही नाही. जेवायला वाढल्यावर तो यायची वाट बघत बसायची, तशी. वाळल्या गवतात तिचे पांढरे केस वेगळे दिसत नव्हते. कुठं गवत संपतं आणि कुठं ती सुरू होते, हे त्याला क्षणभर कळेना.

काडी जळत बोटांपर्यंत आली. चटका बसला तरी त्यानं ती खाली टाकली नाही. चिमटीत दाबून विझवली, मग थुंकी लावून परत एकदा दाबली.

"भाजलं का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"बगू."

तो तिच्याजवळ जाऊन बसला. तिनं त्याचं बोट बघितलं, फुंकर घातली आणि हात आपल्या मांडीवर तसाच ठेवून घेतला. तिच्या लुगड्याला गवताची कुसळं लागली होती, शेकड्यांनी, पार गुडघ्यापर्यंत. गेणू मोकळ्या हातानं ती एकेक काढू लागला.

"म्हशींचं काय करायचं?" त्यानं विचारलं.

"कापू गवत. इळ्यानं."

"येवढं सगळं? दोघांनी?"

"जेवडं हुईल तेवडं."

"आन उरलं त्ये?"

"उरलं त्ये उबं राहील. तितं झाडं येतील. तुमच्या आगीतनं दर साली दोन-चार फुटवं वर येत्यात, अन दर साली आपुन त्ये मारतो."

त्यानं मान हलवली. एक कुसळ आत रुतलं होतं. तिला टोचू नये म्हणून त्यानं हळूच लुगडं वर उचललं आणि ते उलट्या बाजूनं ओढून काढलं.

ऊन उतरलं. पलीकडच्या उताराकडे बघत गेणू म्हणाला, "उद्या नथू त्याचं रान पेटवनार हाय."

मुक्ताबाईनं त्याच्याकडे बघितलं.

"त्याच्या रानात गोटं लय हायती," गेणू म्हणाला. "बसायला घोंगडी घिऊन जाऊ."