गादीची खुर्ची

"अहो, त्या गादीच्या खुर्चीवर नको. बाहेर बाकावर बसा. लाकडी आहे, पुसता तरी येतं."

आजींनी हे डॉक्टरीणबाईंच्या देखत सांगितलं. बसायला अर्धवट वाकलेले आजोबा तसेच सरळ झाले. सहा फुटांचा माणूस, पण दारातून जाताना परवानगी मागितल्यासारखा गेला. डावा पाय मागून फरपटत होता. खर्र, खर्र.

"पाय उचलून टाकायला कुणी भाडं मागतंय का?" आजींनी मागून टोला हाणला आणि रुमाल नाकाला लावला.

तपासणीच्या टेबलावर चार महिन्यांचा नातू पालथा पडला होता. सुनेचा हात त्याच्या पाठीवर, मुलाच्या हातात फाईल. बाळाच्या कमरेच्या खाली, अगदी मधोमध, काळ्या मऊ केसांचा झुबका होता.

आजींनी तोंड फिरवलं. असाच झुबका त्यांनी लग्नाच्या पहिल्या आठवड्यात नवऱ्याच्या कमरेवर पाहिला होता. "माकडाचं शेपूट राहिलंय की हो!" असं म्हणून त्या तेव्हा हसल्या होत्या, पण मनात शिसारी आली ती आलीच. ही शिसारी पाहुणी म्हणून आली आणि अडतीस वर्षांत घरमालकीण झाली.

तिला खुराकही रोजचा. नवऱ्याच्या बाजूच्या गादीखाली रबरी कापड. दर आठवड्याला उन्हात टाकलेली गादी आणि शेजारणींच्या भुवया. बादलीमागे दडवलेले ओले पायजमे. जसा काही वासही बादलीमागे दडतो. वरून अंगाला पावडर, म्हणजे मोरीवर अत्तर. कुणाच्या घरी जेवायला गेलं तर हा माणूस अर्ध्या ताटावरून उठणार, प्रवासाचं नाव काढलं की याचं पोट दुखणार. अकरा वर्षं झाली, आजी वेगळ्या खोलीत झोपत होत्या. "आळशी आहेत हो, उठायचा कंटाळा," असं त्या चारचौघांत सांगायच्या, आणि आजोबा हसायचे. त्या हसण्याची तर त्यांना सगळ्यात जास्त किळस यायची.

जमेच्या बाजूला एकच गोष्ट होती: उंची. ती बघूनच त्यांनी होकार दिला होता.

"केसच आहेत ना?" आजी म्हणाल्या. "जरा मोठा झाला की वस्तऱ्यानं काढू. त्यासाठी एवढ्याशा पाठीवर सुरी चालवायची?"

मुलानं फाईल मिटली. आजी नाही म्हणाल्या की त्या घरात गोष्ट तिथेच थांबायची.

"केस ही नुसती पाटी आहे, आजी. दुकान आत आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "याचा मज्जारज्जू खालच्या टोकाला चिकटलाय. तो मोकळा असायला हवा. पोर वाढेल, उंच होईल, तसा तो ताणला जाईल."

"आत्ता तर लाथा झाडतोय चांगल्या!"

"झाडतोय, म्हणूनच तो रज्जू आत्ता सोडवायचा. एकदा गेलेली ताकद परत येईलच असं नाही. उशीर झाला की एक पाय फरपटायला लागतो. त्या पायाचा बूट पुढून झिजतो. लघवी कधी झाली ते त्याचं त्यालाच कळत नाही. लोक आळशी म्हणतात. मग मूल लपवायला शिकतं."

दार उघडंच होतं. बाहेर बाकाशी कुणीतरी पाय जवळ ओढून घेतला. खर्र.

आजींची शिसारी गेली नव्हती, होती तिथेच होती. फक्त इतकी वर्षं ती आजोबांकडे तोंड करून बसली होती, ती आता वळून त्यांच्याकडे बघायला लागली.

"आई, काय सांगू यांना?" मुलानं विचारलं.

"ऑपरेशनची तारीख घे. लवकरात लवकरची घे." मग त्यांनी दाराकडे बघून हाक मारली, "अहो, आत या. इथे बसा, या खुर्चीवर."

आजोबा आले. सवयीनं खिशातून प्लास्टिकच्या पिशवीची घडी काढली, गादीवर अंथरली, चारी कोपरे नीट केले आणि मगच बसले.

डॉक्टरीणबाईंनी पिशवीकडे पाहिलं. मग आजोबांच्या डाव्या बुटाकडे.

"कधीपासून, आजोबा?"

आजोबांनी आधी बायकोकडे पाहिलं, बोलू का अशा नजरेनं. आजींनी रुमाल नाकावरून काढला होता.

"सोळाव्या वर्षी एकदम उंच झालो ना," ते म्हणाले, "तेव्हापासून."