बोर्ड लागेपर्यंत

"सही तुमचीच हाय का न्हाई?"

शिवकन्येनं हुकमाचा कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर हात दाबून धरला. पंडितरावांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. सही त्यांचीच होती. गेल्या उन्हाळ्यात याच खुर्चीत बसून त्यांनी ती ठोकली होती. तलवाड्याच्या शिवारात रस्त्यावर लोंबलेली तार वीज कंपनीनं पावसाळ्याआधी उंच करावी, असा हुकूम होता.

"सही मंडळाची असते, बाई. मंडळ आता राहिलं नाही."

"मंग तुमी कोन?"

बाहेर त्याचंच बारसं चाललं होतं. 'राज्य वीज नियामक मंडळ' ही पाटी सकाळीच उतरवून जिन्याखाली उभी केली होती. तिच्या जागी 'राज्य ऊर्जा परिवर्तन प्राधिकरण' असा लांबलचक लोखंडी बोर्ड चढत होता, आणि दुपारी नवे अध्यक्ष नारळ फोडायला मुंबईहून येणार होते. नाव बदललं, शाखांची फोडाफोड झाली, निम्मी माणसं घरी बसली. पंडितरावांची खुर्ची तेवढी वाचली. तीही जुन्या भानगडीत हात घालायचा नाही या बोलीवर.

"मी सुनावणी शाखेत आहे," ते म्हणाले. "हुकूम अमलात आणणारी शाखा आता वेगळी झाली. तिथं अजून माणूस नेमलेला नाही. नेमला की नवा अर्ज करा."

"उद्या टोळी निघतीया, सायेब. ऊसतोडीला. ट्रॅक्टर त्याच तारंखालून जातो. एकीकडं वढा, एकीकडं रान. दुसरी वाट न्हाई."

"मग तेवढ्यापुरतं खाली उतरायचं."

"गेल्या साली समदे उतरलो होतो. लेकरंबी उतरवली. वर सामान तेवढं होतं. बाजा घसरतील म्हनून माझा दीर धरायला बसला. लोखंडी बाजंचा पाय तारंला लागला."

तिचा आवाज जराही हलला नाही. पंडितरावांना त्याचाच जास्त राग आला. रडली असती, तर पाणी पाजून वाटेला लावता आली असती.

"यंदा माझा नवरा बसंल," ती म्हणाली. "कुनीतरी बसावंच लागतं."

"हे सगळं कंपनीच्या इंजिनिअरला सांग."

"त्येला सांगून आले. त्यो म्हन्तो, हुकूम देनारं मंडळच मेलं. आता नव्या लोकांनी सांगावं, मंग बघू."

"हे बघ बाई, कंपनीला एक शब्द सांगायचा अधिकार मला नाही. सकाळपासून डोकं खाल्लंस. नीघ आता."

ती निघाली नाही. तेवढ्यात दारातून बोर्डवाला सोमेश्वर डोकावला. "साहेब, बोर्ड तारंला घासाया लागलाय. लाइन बंद करा, न्हाईतर मी वर चढत न्हाई."

पंडितरावांनी मोबाइल उचलला आणि इंजिनिअरला लावला. तोच इंजिनिअर; जिल्ह्याला दुसरा होता कुठं? "अहो, आमच्या दारावरची लाइन जरा बंद करायला सांगा. बोर्ड लागला की कळवतो." इकडचं तिकडचं बोलून, अध्यक्षांच्या जेवणाचं विचारून त्यांनी फोन ठेवला. तोवर डोक्यावरचा पंखा मंदावत मंदावत थांबला होता.

शिवकन्येनं पंख्याकडे पाहिलं. मग साहेबांकडे. कागद तिथंच टाकून ती बाहेर पडली.

गेली एकदाची ब्याद, असं म्हणत पंडितरावांनी रुमालानं मान पुसली आणि अध्यक्षांसाठी आणलेला हार पिशवीतून काढून बघितला. झेंडू बरा होता. बाहेर सोमेश्वर ओरडत होता, पण बोर्ड चढवताना माणसं ओरडतातच. मग त्यानं साहेबांच्या नावानं हाक मारली तेव्हा ते उठले.

बोर्ड एका बाजूनं लागला होता, दुसरी बाजू दोरीवर लोंबत होती. सोमेश्वर नट आणायला खाली उतरला, तेवढ्यात बाईनं शिडी गाठली होती. पदर खोचून ती सगळ्यात वरच्या पायरीवर उभी होती, आणि उघडी तार तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"खाली उतर," पंडितराव म्हणाले. "वेड लागलंय का तुला?"

गल्लीतली माणसं जमू लागली.

तेवढ्यात पंडितरावांच्या हातातला फोन वाजला. इंजिनिअर होता. "काय साहेब, लागला ना बोर्ड? तुमच्या गल्लीतून सारखे फोन येताहेत. सोडतो लाइन."

पंडितरावांनी नुसतं गप्प राहायचं होतं. एवढंच. बाकीचं आपोआप झालं असतं, आणि त्यांचं नाव कुठंच आलं नसतं. हा विचार आपल्या मनात आला, हे कळताच त्यांची पाचावर धारण बसली.

"सोडू नका!"

"अहो, असं कसं? किती वेळ? मला वर दाखवावं लागतं. कुणाच्या हुकमानं बंद ठेवली म्हणून सांगू?"

"माझ्या," पंडितराव म्हणाले. इतकी वर्षं जपलेली साहेबी भाषा सुटली होती. "मी सांगतोय म्हनून. माझं नाव लिवा. पन लाइन सोडू नगा."

शिडीवरून शिवकन्या ऐकत होती. तिनं तार सोडली नाही.

"फोन ठिवू नका, सायेब," ती म्हणाली. "आमच्या तारंचं बी सांगून टाका."