नेल्ड इट, बाबा

"‘नेल्ड इट’ म्हणजे काय गं?" तुळजाबाईंनी जिन्यातच विचारलं.

शेफालीची हिंजवडीची बस यायला अवकाश होता. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला येऊन तिला जेमतेम महिना झाला होता.

"म्हणजे अगदी नेमकं जमलं, आजी. झकास. इंद्रजीतदादांचा मेसेज का?"

"असंच इंग्रजी असतं त्याचं. मुलानं वडिलांना असं म्हटलेलं चालतं?"

"चालतं की. मी बाबांना म्हणते."

"आमच्या वेळी शाबासकी पाठीवर पडायची," तुळजाबाई म्हणाल्या. "शब्द लागायचा नाही." आणि तो शब्द पुटपुटत त्या घरात गेल्या.

खाली त्यांचे यजमान आप्पासाहेब खडू घेऊन सोसायटीच्या फळ्यापुढे उभे होते. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेला हात. रोज सकाळी एक पाटी लिहायची, फोटो काढून इंद्रजीतला पाठवायचा आणि उत्तराची वाट पाहायची, हा नेम. मागच्या वर्षी तीन महिने उत्तरच आलं नव्हतं. तेव्हा फळा कोरा राहिला. आप्पासाहेब जेवायलासुद्धा उठत नव्हते, असं वॉचमन कोंडीराम सांगायचा.

आजची पाटी होती : ‘लिफ्टचं दार हळू लावा. आत अडकलात, तर आम्हालाच बाहेर काढावं लागेल.’

शेफाली खळखळून हसली. आप्पासाहेबांनी फोटो पाठवला. गॅलरीतून तुळजाबाई पाहत होत्या. "माझी पूजा राहिलीय," म्हणत त्या आत वळल्या.

"आमचे चिरंजीव मोठे कंजूष," आप्पासाहेब म्हणाले. "बापानं दोन ओळी लिहाव्यात, यांनी एक शब्द पाठवावा."

पाच मिनिटं गेली. त्यांनी तीनदा चष्मा पुसला. बोटांवरचा खडू काचेला लागत होता, म्हणून पुन्हा पुसला.

फोन वाजला. शेफालीनंच वाचून दाखवलं. "नेल्ड इट, बाबा! आणि पुढे अंगठा!"

आप्पासाहेबांनी मान वर केली. "अगं, ऐकलंस का? आलं हो उत्तर!"

तुळजाबाई लगबगीनं गॅलरीत आल्या. "आलं? काय म्हणतोय?"

"खूश आहे!"

"मग उद्याही लिहा," त्या म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसत आत गेल्या.

कोपऱ्यावर बस दिसली. आप्पासाहेब शेफालीबरोबर फाटकापर्यंत चालत आले. गॅलरी रिकामी आहे ना, हे त्यांनी एकदा वळून पाहिलं.

"आपल्या जिन्यात आवाज फार घुमतो," ते हळूच म्हणाले. "इंद्रजीतच्या फोनवरून उत्तर धाडताना आठवडाभर ‘ऑसम’वरच भागत होतं बिचारीचं. उद्या तिला आणखी एखादा शब्द शिकव. इंद्रजीत असता, तर त्यानं एकच शब्द दोनदा वापरला नसता."