उरलेली ओळ

"छातीत धडधडू लागलं की अभंग गुणगुणत श्वास लांब सोडायचा. जमलं का?" मोबाइलच्या पडद्यावरून समुपदेशक बाईंनी विचारलं.

"अर्धंच," त्र्यंबकबुवा म्हणाले. "कीर्तनात मी ओळ अर्धी सोडायचो, मागून बायको, सुभद्रा, उचलायची. ती देवाघरी गेल्यापासून मी थांबतो आणि घर गप्पच. धडधड आणखी वाढते."

"आत्ता म्हणा. मी उचलते."

बुवांनी ओळ सोडली. बाईंनी उचलली, सूर बेताचा, त्यात नेटमुळे उशीर.

"बाई, तुम्ही उपदेशच करा हो, गाऊ नका," बुवा हसले.

"बरं. मग सुभद्राबाईंचं अर्धंही तुम्हीच म्हणा."

दिवेलागणीला धडधड सुरू झाली. बुवांनी ओळ म्हटली, सवयीनं थांबले. मागे कुणी नव्हतं. मग तिच्या वरच्या पट्टीत, चिरकत का होईना, उरलेली ओळ त्यांनीच उचलली.