गॅरेजमधली वॅगन

कर्टिसने गाडीची किल्ली फिरवली आणि दाराच्या वरच्या कडेने खांद्याचा पट्टा आपला आपण सरकत आला. बारीक घरघर करत तो त्याच्या छातीवर अलगद बसला.

"चालतोय!" कर्टिस ओरडलाच. "दोन्हीकडचे चालताहेत!"

"न चालायला काय झालं?" शेजारच्या सीटवरून व्हर्ला डोस्टल म्हणाल्या. हनुवटी जराशी उचलून त्यांनी आपल्या बाजूचा पट्टा येऊ दिला होता आणि कमरेचा पट्टा हाताने लावूनही टाकला होता. "पहिल्या दिवशी याने माझ्या नवऱ्याची, एमिलची, टोपी उडवली. एमिल म्हणाला, ही गाडी आहे की सासू?"

कर्टिस मनापासून हसला. याच पट्ट्यासाठी तो लिंकनहून सकाळीच निघून इथे आला होता. शहराबाहेरच्या एका मोठ्या कोठारात तो जुन्या गाड्या जपायचा. तोऱ्याच्या, शर्यतीच्या गाड्या सगळेच जपतात. कर्टिस जपायचा त्या स्वस्तातल्या, साध्यासुध्या. पोरं, कुत्री, किराणा वाहून वाहून शेवटी भंगारात चेपल्या गेलेल्या. त्याच्या आईची वॅगन अशीच होती, याच फिक्या निळ्या रंगाची. तशी एक मिळावी म्हणून तो किती वर्षं धुंडाळत होता. मिळायच्या त्यांचे तळ गंजलेले असायचे, पट्ट्यांच्या मोटारी जळलेल्या असायच्या.

आणि मग व्हर्लाबाईंच्या भाचीने जाहिरात टाकली. सोबत मीटरचा फोटो. वीस हजार मैलसुद्धा नाहीत! गाडी नवी आली तेव्हा कर्टिस शाळेत होता.

तो खाली उतरला. वाकून तळ पाहिला, गालिचा उचलून पाहिला, पेडलवरच्या रबरांवर बोट फिरवलं. सगळं कोरं.

"गंज नावालाही नाही, डोस्टलबाई."

"हिवाळ्यात ही इथल्या रस्त्यावर कधी आलीच नाही. बर्फावर टाकतात ना ते मीठ, त्याचा खडासुद्धा लागू दिला नाही एमिलने."

"पंपावर मी तुमचा पत्ता विचारला. तो माणूस म्हणाला, डोस्टलांकडे गाडी आहे? मी तर कधी पाहिली नाही!"

"कुठून पाहणार?" व्हर्लाबाई म्हणाल्या. "गावात मिरवायची हौस एमिलला कधीच नव्हती."

"मग चर्चपुरती नेत असाल."

"चर्चला हिनेच जायचो. एक रविवार चुकवला नाही."

कर्टिसने गॅरेजभर नजर टाकली. भिंतीवर हत्यारं ओळीने टांगलेली, कोपऱ्यात घडीच्या दोन खुर्च्या. त्याला त्या मेलेल्या माणसाचा अचानक राग आला. काय नवरा म्हणायचा हा! गाडीवर ओरखडा उठू नये म्हणून बायकोलाही घरात कोंडून ठेवलंन. रविवारी चर्च, बाकी आठवडाभर स्वयंपाकघराची खिडकी.

"तू हिचं करणार काय?" व्हर्लाबाईंनी विचारलं. डोळे अधू झाल्यामुळे डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं होतं. म्हणून तर विकायची वेळ आली होती.

"मधोमध ठेवणार. भोवती दोरी, वर दिवा. लोक येतील, मी किल्ली फिरवून पट्टा सरकवून दाखवीन."

"आणि बाहेर?"

"एक मैलही नाही! आकडा आहे तसाच राहील, शब्द देतो."

व्हर्लाबाईंचा चेहरा पडला. "म्हणजे नुसती उभीच राहणार."

ते शब्द कर्टिसला टोचले. म्हातारी गाडीबद्दल बोलतेय की स्वतःबद्दल, असं त्याला वाटून गेलं.

"तुम्हाला कुठे जावंसं वाटतं?" त्याने एकदम विचारलं. "आत्ता. मी नेतो."

"नदीवर चल," त्या लगेच म्हणाल्या. "क्रौंच आलेत. थांब, खसखस भरलेले गोड पाव केलेत, कोलाचे, डबा घेते."

रस्ता सरळसोट होता. दोन्ही बाजूंना मक्याची कापलेली शेतं, मधूनच धान्याचं उंच कोठार. इंजिन इतकं एकसुरात चालत होतं की कर्टिस रेडिओ लावायचंही विसरला. एखादं वळण आलंच तर गाडी हातात कशी हलकी येत होती! चार सिलिंडर, साधी कापडी सीट, आणि तरी एखाद्या समजूतदार जनावरासारखी वागत होती.

"इंजिन तर नवंकोरं वाटतंय."

"एमिलचा हात होता तिच्यावर. काही कुरकुरायच्या आत बदलून टाकायचा."

प्लॅट नदीच्या काठी शेतं करडी झाली होती. क्रौंचच क्रौंच. उडत होते, उतरत होते, त्यांच्या आवाजाने आभाळ भरून गेलं होतं. व्हर्लाबाई काच खाली करून कोलाचा खात बघत राहिल्या. चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

"एमिलने तुम्हाला एकदा तरी इथे आणायला हवं होतं," कर्टिस हळूच म्हणाला.

"इथे? नाही, इथे कधी नाही आणलं."

कर्टिसला गलबलून आलं. आईची आठवण आली. तिलाही तो कुठे नेणार होता, ते राहूनच गेलं.

"ऐका," तो म्हणाला. "दोरीबिरी काही बांधत नाही. आकडा गेला उडत. दर वसंतात मी ही गाडी घेऊन येईन, आणि तुम्ही म्हणाल तिथे जाऊ. कबूल?"

"कबूल!" व्हर्लाबाईंनी त्याच्या हातावर टाळी दिली. "आता कसा माणसासारखा बोललास."

परत निघायला त्याने किल्ली फिरवली. पट्टा सरकत येऊन बसला. त्याची नजर मीटरवर गेली. सकाळचाच आकडा. त्याने काचेवर टिचकी मारली, पुन्हा पाहिलं.

"डोस्टलबाई, हा हललाच नाही."

"तो होय? तो दुसऱ्याच उन्हाळ्यात बंद पडला, अलास्काच्या वाटेवर." व्हर्लाबाईंनी मांडीवरची खसखस झटकली. "एमिल म्हणायचा, घरी निवांत बसलो की दुरुस्त करू. पण घरी बसायला मिळालं कुठे?"